रात्रपाळीची हजेरी : पालकांची ऑनलाइन मैत्री कशी जुळते आणि कुठे अपुरी पडते

जून महिन्यात शाळा उघडल्या की वर्गावर्गाचे नवे पालक ग्रुप तयार होतात आणि पहिल्या पंधरवड्यातच त्यांवर एक वाद हमखास झडतो. हा ग्रुप फक्त शाळेच्या सूचनांसाठी आहे, येथे विनोद आणि स्टिकर टाकू नयेत, असे कोणीतरी बजावते. काही जण अंगठा टाकून अनुमोदन देतात, बाकीचे गप्प बसतात, आणि थोड्याच दिवसांत पाच-सहा जणींचा वेगळा, लहान ग्रुप निघतो. डब्यातून परत आलेल्या भाजीपासून घटक चाचणीत मुलाने लिहिलेल्या उत्तरांपर्यंत सगळ्याची मस्करी तेथे चालते. घरातल्या मोठ्यांना हा दुसरा ग्रुप रिकामटेकडेपणाचा वाटतो. मात्र पावसाने रस्ता तुंबून व्हॅन अडकली किंवा घरात कोणाला दवाखान्यात न्यावे लागले, तर मदतीला धावणारी माणसे बहुतेक वेळा याच लहान ग्रुपमधली असतात. हा योगायोग नाही. थट्टा आणि आधार यांचा संबंध मानववंशशास्त्र, समाजशास्त्र आणि वैद्यकशास्त्र या तिन्हींनी आपापल्या परीने तपासला आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

एकटेपणा हा आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने ३० जून २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणाचा त्रास आहे. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याविषयीचे प्रमुख सरकारी डॉक्टर, डॉ. विवेक मूर्ती यांनी केवळ पालकांवरील ताणाविषयी एक इशारापत्र काढले होते. बहुतेक दिवशी ताण पूर्णपणे आवाक्याबाहेर जातो, असे तिथल्या ४८ टक्के पालकांनी सांगितले; इतर प्रौढांत हेच प्रमाण २६ टक्के होते. आकडे अमेरिकेतले असले तरी त्यामागची कारणे, म्हणजे पैशांची ओढाताण, वेळेची टंचाई, मुलांच्या सुरक्षिततेची काळजी आणि सतत होणारी तुलना, नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या सोसायटीत आणि सातपूरच्या कामगार वसाहतीत सारखीच ओळखीची आहेत.

मूल वाढवणे हे दोघांचे काम कधीच नव्हते

मानववंशशास्त्रज्ञ सारा ब्लॅफर हर्डी यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून मांडलेला मुद्दा असा, की माणसाचे मूल इतकी वर्षे परावलंबी असते की ते वाढवणे एकट्या आईला झेपलेच नसते; आजी, मावशी, मोठी भावंडे आणि शेजारीपाजारी यांनी हात लावला म्हणून मनुष्यजात तगली. याला सहपालन म्हणतात. आपल्या बाळंतपणाच्या चालीरीती याच समजुतीवर उभ्या आहेत. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाळाला न्हाऊ-माखू घालायला येणारी बाई, अशी सगळी माणसे बाळंतिणीभोवती असतात आणि नेमक्या या काळात तिच्यावर निर्णयांचे ओझे कमी पडते.

प्रश्न येतो तो त्यानंतर. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, ओझरच्या विमान कारखान्यात किंवा नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात नोकरी लागली म्हणून या शहरात स्थिरावलेली असंख्य कुटुंबे आहेत, आणि सिडकोने वसवलेले नवीन नाशिक तर बऱ्याच अंशी अशाच कुटुंबांनी भरले. जळगाव, लातूर किंवा परभणीहून बाळाला घेऊन पाथर्डी फाट्याच्या दोन खोल्यांत परतलेल्या आईच्या आसपास, नवरा पाळीवर गेला की, हाक मारावी असे कोणी उरत नाही. सहपालनाची गरज तशीच राहिलेली असते, फक्त माणसे दूर गेलेली असतात. ऑनलाइन मैत्री ही हौस म्हणून सुरू होते असे अनेकांना वाटते. माझ्या मते ती बहुतेक वेळा या पोकळीतून सुरू होते.

‘कोणी जागे आहे का?’

लहान बाळांच्या आयांचा एक ग्रुप डोळ्यांसमोर आणावा. रात्रीचे अडीच वाजले आहेत, बाळ दूध पिऊन पुन्हा रडू लागले आहे, आणि एक आई लिहिते, ‘कोणी जागे आहे का?’ यावर उत्तर येते, ‘तिसरी पाळी सुरू आहे, हजेरी लावा.’ मग एकेक हजेरी लागते : ‘पंचवटी हजर.’ ‘इंदिरानगर हजर, पण सुपरवायझर मांडीवर झोपलाय, हलता येत नाही.’ ‘देवळाली कॅम्प हजर, ओव्हरटाइम मिळणार का?’ कोणीही सल्ला दिलेला नाही, बाळ का रडते हेही कोणी विचारलेले नाही, तरीही त्या पहिल्या आईचा जीव थाऱ्यावर येतो.

या संवादात एक खूण दडलेली आहे. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात दोन माकडांना खेळताना पाहिले. त्यांचे चावणे आणि झोंबणे अगदी भांडणासारखे होते, पण हे भांडण नव्हे हे दोघांनाही ठाऊक होते. यावरून १९५५ च्या निबंधात त्यांनी असे मांडले की खेळणारे जीव एकमेकांना ‘हा खेळ आहे’ असा निरोप सतत देत असतात, आणि तो निरोप पोचला की एरवी धोक्याची वाटणारी कृती सुरक्षित होते. ‘हजेरी लावा’ हे वाक्य असाच निरोप आहे. ‘मला हे झेपत नाही’ असे उघड म्हणायला नवी आई कचरते, कारण त्यातून आपण कमी पडतो असा अर्थ निघेल अशी तिला धास्ती असते. तीच गोष्ट रात्रपाळीच्या थट्टेत गुंडाळून सांगितली की ती सांगता येते, आणि ऐकणारीला तिच्यातले खरे दुखणेही कळते.

नाशिकला या थट्टेसाठी आणखी एक साधन फुकट मिळाले आहे. गोदावरीला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पोचले यावरून सगळे शहर पुराची उंची सांगते. तेच माप पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांना लागू होते : ‘आमच्याकडे ढीग आज गुडघ्याला लागला.’ ‘इथे छातीपर्यंत आहे, विसर्ग वाढवलाय.’ घर आवरून होत नाही ही कबुली द्यायला यापेक्षा सोपी वाट सापडणे कठीण आहे.

थट्टेचे नाते ही जुनी सोय आहे

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. काही नात्यांमध्ये एकाने दुसऱ्याची चेष्टा करावी आणि दुसऱ्याने ती मनावर घेऊ नये, असा समाजाचाच संकेत असतो. जेथे दोन माणसे एकमेकांना बांधलेली आहेत पण त्यांच्यात खटका उडण्याची शक्यताही आहे, अशा ठिकाणी हा संकेत आढळतो, असे त्यांचे निरीक्षण होते. मराठी वाचकाला यासाठी दूर जावे लागत नाही. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी यांची चेष्टा, लग्नात विहिणींनी एकमेकींची उडवलेली टर, हे सगळे याच जातीचे.

एका वर्गातल्या मुलांचे पालक अगदी अशाच स्थितीत असतात. त्यांनी एकमेकांना निवडलेले नसते. त्यांची मुले एकाच बाकावर बसतात, एकाच बक्षिसासाठी स्पर्धा करतात आणि मधल्या सुट्टीत भांडतात. दहावीपर्यंत त्यांची सुटका नसते. अशा वेळी आपल्या मुलाने दुसऱ्याच्या मुलाला ढकलले हे कळल्यावर ज्या दोन आयांमध्ये आधीपासून थट्टामस्करी आहे, त्या फोन उचलून बोलतात. ज्यांच्यात केवळ सूचनांची देवाणघेवाण आहे, त्या वर्गशिक्षकांकडे लेखी तक्रार करतात. मला स्वतःला ‘विनोद नकोत’ हा नियम म्हणूनच पटत नाही. साठ जणांच्या ग्रुपवर सूचना बुडून जाऊ नयेत ही अडचण खरी आहे, परंतु तिच्यावरचा उपाय सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवणे हा आहे.

मदतीचा हिशेब कसा चालतो

परस्पर आधाराची घडण भिशीसारखी आहे. भिशीत दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची आणि जिचा नंबर लागेल तिने ती उचलायची. जामीन नसतो, करारनामा नसतो, तरी ती चालते, कारण बायका एकमेकींना ओळखतात आणि महिन्यातून एकदा चहा-पोह्यांसाठी भेटतात. पालकांच्या ग्रुपवर पैशांऐवजी लहानसहान गोष्टी टाकल्या जातात. उद्या चार्ट पेपर न्यायचा आहे याची आठवण, इंग्रजीच्या बुडालेल्या धड्याचे फोटो, रात्री उघडे असणारे मेडिकल, व्हॅनच्या काकांचा नंबर, आणि अर्थात एखादा विनोद. मग एखादीच्या घरी खरी अडचण आली की ती साचलेली सगळी रक्कम उचलते : पुरामुळे रस्ता बंद झाला म्हणून दोन मुले रात्रभर दुसऱ्याच्या घरी राहतात, किंवा सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी तिच्या मुलाचा डबा तिसरीकडून जातो. दिलेले त्याच व्यक्तीकडून परत मिळेल असे नसते, फिरून कोठून तरी मिळते.

भिशी बुडते तशी हीही बुडते. कायम उचलणारी पण कधीच न टाकणारी एखादी असते, आणि त्याहून जास्त काळजी करण्याजोगी अशी एक असते जी प्रत्येक हाकेला ओ देते. रात्री, दुपारी, ऑफिसातून, तिचेच उत्तर पहिले येते. अशा बाईला ‘आज तू झोप, आम्ही बघतो’ असे इतरांनी आपणहून म्हणावे लागते, कारण ती स्वतः म्हणणार नाही.

फारशी जवळीक नसलेली माणसेही या हिशेबात मोलाची ठरतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जिवलगांकडून न मिळता अधूनमधून भेटणाऱ्या परिचितांकडून मिळाली होती. अशा ओळखींना त्यांनी दुबळे धागे म्हटले. जिवलगांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असते. नवी माहिती दूरच्यांकडे असते. मूल अजून बोलत नाही म्हणून चांगल्या वाचा-उपचारतज्ज्ञाचा शोध घेणाऱ्या म्हसरूळच्या पालकांना तो पत्ता सख्ख्या बहिणीपेक्षा ग्रुपवरच्या एखाद्या अनोळखी बाबांकडून मिळण्याची शक्यता अधिक असते.

याला काही पुरावा आहे का?

आहे, आणि तो चांगला आहे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात नैराश्याचा धोका जास्त असलेल्या ७०१ नवमातांवर झालेली एक चाचणी २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या मातांना नेहमीच्या उपचारांबरोबर फोनवरून आधार देण्यात आला, आणि तो देणाऱ्या होत्या स्वतः प्रसूतीनंतरच्या नैराश्यातून बाहेर आलेल्या सामान्य स्वयंसेवक माता. बारा आठवड्यांनंतर आधार मिळालेल्या गटात १४ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली, दुसऱ्या गटात २५ टक्के. त्या बायका एकमेकींना प्रत्यक्ष भेटत नव्हत्या, हे येथे विशेष महत्त्वाचे.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले आहे. झारखंड आणि ओडिशातील आदिवासीबहुल भागांत ‘एकजुट’ या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांचे गट बांधले. या गटांत भाषणे नव्हती. गोष्टी आणि चित्रांच्या पत्त्यांचे खेळ यांतून बायका बाळंतपणातल्या अडचणी ओळखत आणि त्यांवर उपाय स्वतः ठरवत. २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गट असलेल्या भागांत नवजात बालकांचे मृत्यू तीन वर्षांत ३२ टक्क्यांनी कमी राहिले. हे गट समोरासमोर भरणारे होते, तेव्हा तो परिणाम जसाच्या तसा मोबाइलवरच्या ग्रुपला लावता येणार नाही. खेळकरपणा आणि जीव वाचवणारी गंभीर मदत एकाच बैठकीत नांदू शकतात, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते.

न भेटलेल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा?

हा आक्षेप सासूबाईंचा असतो, नवऱ्याचा असतो, आणि तो निराधार नाही. पडद्याआड माणूस एरवीपेक्षा लवकर मोकळा होतो. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली या ऑनलाइन मोकळेपणाचे सविस्तर वर्णन केले आणि त्याच्या दोन्ही बाजू दाखवल्या. त्यामुळे मनातले दुःख बोलता येते, आणि त्याचमुळे एरवी तोंडावर बोलणार नाही असे टोचणारेही लिहिले जाते. शिवाय मन मोकळे झाले म्हणजे ओळख पक्की झाली असे होत नाही. ग्रुपमधल्या चार-पाच जणी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन गोल्फ क्लब मैदानावर भेटल्या, की फोनवर जुळलेले नाते जमिनीवर येते. नुसत्या मेसेजवर राहिलेल्या ओळखीत घरचा पत्ता, मुलांचे वेळापत्रक किंवा पैशांचा व्यवहार आणू नये.

माणसे किती असावीत यालाही मर्यादा आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १,०२४ जण सामावतात, पण मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या संशोधनानुसार माणूस जेमतेम १५० जणांशी अर्थपूर्ण संबंध ठेवू शकतो आणि अडीअडचणीला आठवणारी अगदी जवळची माणसे पाचाच्या आसपास असतात. म्हणूनच मोठ्या ग्रुपमधून लहान ग्रुप फुटून निघतो, आणि त्यात कोणाचा द्रोह नसतो.

चुकीचे सल्ले आणि अफवा

या बाबतीत मी कोणतीही सूट द्यायला तयार नाही. ‘आमच्याकडे बाळाला मध चाटवतात, काही होत नाही’ असा सल्ला कितीही प्रेमाने दिलेला असो, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर ग्रुपवर विचारत न बसता त्याला डॉक्टरांकडे न्यायचे असते. आधी आपल्या बाळाला दिलेले अँटिबायोटिक दुसऱ्याच्या बाळाला सुचवणे तर सरळ धोक्याचे आहे. ‘माझ्या मुलाला असे झाले तेव्हा आम्ही अमुक केले’ हा अनुभव झाला. ‘तू अमुक दे’ हे औषध लिहून देणे झाले, आणि ते काम ग्रुपचे नाही.

अफवांचा धोका तर आपल्या दाराशी येऊन गेला आहे. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशा मेसेजमुळे भडकलेल्या जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्याच सुमारास मालेगावातही एका कुटुंबाला जमावाने घेरले होते. स्थानिक लोक आणि पोलीस यांच्यामुळे ते वाचले. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अशी अफवा ज्या भीतीवर पोसली जाते ती भीती पालकांची असते, म्हणून पालकांच्या ग्रुपवर ती सर्वांत वेगाने पळते. शहरात बिबट्या दिसल्याचा फोटो असो की शाळेबाहेरच्या संशयित गाडीचा, ‘हे तू स्वतः पाहिलेस का?’ एवढा एक प्रश्न विचारणारा ॲडमिन ग्रुपला हवा, आणि असा प्रश्न विचारल्याबद्दल त्याच्यावर कोणी रुसू नये.

थट्टा आपली, पण नाव मुलाचे

आईने स्वतःची केलेली मस्करी तिची असते. मुलाने अंथरूण ओले केले, गणितात शून्य मिळवले, बाईंसमोर रडला, या गोष्टी मात्र मुलाच्या असतात आणि त्या त्याच्याच वर्गातल्या मुलांच्या घरी वाचल्या जात असतात. दुसऱ्या दिवशी त्या मधल्या सुट्टीत पोचतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक केली आहे, परंतु व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागू होत नाही. थोडक्यात, आईवडिलांनी ग्रुपवर टाकलेल्या फोटोपासून मुलाला कायदा वाचवणार नाही. मूल वाचायला लागले की त्याच्याविषयीचे काहीही ग्रुपवर त्याला विचारूनच टाकावे. त्याआधी, ते मोठे झाल्यावर आपल्यासमोर हे वाचील, असे धरून टाकावे.

आणि बाबा?

वर्गाच्या ग्रुपवर बाबांचे नंबर असतात, पण त्यांचा वावर फी भरल्याच्या पावतीपुरता. त्यांना गरज नसते असे नाही. २०१० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या संकलित अभ्यासात, गर्भारपण ते बाळाचे पहिले वर्ष या काळात सुमारे १० टक्के वडिलांमध्ये नैराश्य आढळले होते. पुरुषांच्या गप्पांत थट्टा भरपूर असते. तिच्यात मुलांचा विषय निघत नाही एवढेच. कंपनीच्या बसमध्ये रोज एकत्र जाणाऱ्या चौघांनी पोराच्या दातांविषयी विनोद सुरू केले, तरी त्यातून पुढचे बोलणे निघू शकते.

जेथे ग्रुप पुरत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार विकसनशील देशांत बाळंतपणानंतर सुमारे २० टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो आणि त्यात मुख्यतः नैराश्य असते. नेहमी हजेरी लावणारी आई अचानक गप्प झाली, दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास राहिली, बाळ झोपले तरी तिला झोप येईना, किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार तिने थट्टेतसुद्धा बोलून दाखवले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. तिला नंबर नुसता पाठवून थांबू नये, कारण त्या अवस्थेत फोन लावणे हेच सर्वांत अवघड काम असते. जवळ राहणाऱ्या एकीने तिच्या घरी जावे, फोन लावून तिच्या हातात द्यावा, आणि बोलणे संपेपर्यंत बाळाला घेऊन शेजारच्या खोलीत बसावे.